ॲन्सिबल आणि आमच्या दोन नॅस : सहा महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरमध्ये रामबागेत आमचे स्कॅनिंगचे छोटे कार्यालय आहे. लोकांच्या घरच्या मोडीतल्या सनदा, वाड्यांचे नकाशे, जुने फोटो आणि वकिलांकडचे जाडजूड दस्त आम्ही स्कॅन करून देतो. या फाइली दोन नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यांवर, राहतात. चार डिस्कची नवी नॅस खाली मुख्य खोलीत आहे आणि दोन डिस्कची जुनी नॅस वर माळ्यावर आहे, जिच्यावर रोज रात्री नव्या नॅसची प्रत उतरते. संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, म्हणजे मी त्या विषयातली पदवीधर आहे असे नव्हे. ज्याला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याची भीती वाटत नाही त्याच्या गळ्यात हे काम पडते, तसे ते माझ्या पडले. नव्या ग्राहकाचे फोल्डर उघडणे, त्यावर कोणाला काय हक्क आहेत ते ठरवणे, रात्रीची प्रत झाली की नाही ते पाहणे आणि महिनाअखेरीस उरलेली जागा मोजणे ही कामे मी दोन वर्षे दोन्ही नॅसच्या वेबपानांवर जाऊन हाताने करत होते. गेल्या पावसाळ्यापासून ती ॲन्सिबलकडे, म्हणजे यंत्रांची ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या एका साधनाकडे, दिली. लिनक्स या कार्यप्रणालीच्या साध्या सर्व्हरवर ॲन्सिबल उत्तम चालते हे सांगायला नव्या परीक्षणाची गरज नाही; नॅसच्या संगतीत ते कसे वागते, एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. मी ॲन्सिबल सोडणार नाही, पण ते बसवायला ज्या दोन संध्याकाळी लागतील असे मला वाटले होते त्यांचे तीन आठवडे झाले. त्या तीन आठवड्यांत ज्या अडचणी आल्या त्यांतल्या बहुतेकांचे खरे कारण पडद्यावरच्या संदेशात जिथे दाखवले होते तिथे नव्हते. एकाच अडचणीत ते संदेशातच स्पष्ट लिहिलेले होते, आणि नेमके तेच मी वाचले नाही.

ज्यांनी हे साधन वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मायकेल डिहान यांनी २०१२ मध्ये ॲन्सिबल प्रथम प्रसिद्ध केले आणि २०१५ मध्ये रेड हॅटने त्यामागची कंपनी विकत घेतली. मूळ साधन मुक्त स्रोत आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. मोठ्या कंपन्यांसाठी असलेली सशुल्क आवृत्ती आमच्यासारख्यांना लागत नाही. कोणत्या यंत्रावर काय स्थिती हवी आहे ते यामल नावाच्या साध्या मांडणीत लिहायचे, त्या लिखाणाला प्लेबुक म्हणतात, आणि ॲन्सिबल एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राला सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीने, त्या यंत्रात शिरून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला एक छोटा प्रोग्राम तिथे ठेवते, तिथल्याच पायथनने चालवते, उत्तर घेते आणि प्रोग्राम पुसून टाकते. समोरच्या यंत्रावर कायमचे काही बसवावे लागत नाही, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र त्याचाच अर्थ असा होतो की समोर दोन गोष्टी धड असाव्याच लागतात, एक एसएसएच आणि दुसरे पायथन. नॅसमध्ये या दोन्ही गोष्टी असतात, पण अर्ध्याच असतात. नॅसमधले लिनक्स हे भाड्याच्या घरासारखे आहे. राहता येते, भिंतीत खिळा ठोकता येत नाही.

ॲन्सिबल ज्या यंत्रावरून चालते ते यंत्र विंडोजचे असून भागत नाही, विंडोजवर लिनक्सचा उपविभाग तरी उघडावा लागतो. आम्ही जुन्या डेस्कटॉपवर उबंटू २४.०४ ही लिनक्सची आवृत्ती बसवली आणि त्यालाच कायमचे नियंत्रणाचे काम दिले. यापुढे त्याला मी "डेस्कटॉप" असेच म्हणते.

पहिली अडचण जोडणीची होती, आणि तिने एकटीने आठ दिवस खाल्ले. पहिल्या दिवशी सगळे सुरळीत चालले. मग शनिवारी टेबले सरकवण्यात आली, तारा पुरेनात म्हणून इलेक्ट्रिशियनने मध्ये नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा, आठ पोर्टचा एक छोटा स्विच लावून दिला, आणि सोमवारी डेस्कटॉपवरून प्लेबुक चालवले की नव्या नॅसच्या नावापुढे लाल अक्षरांत "अनरीचेबल" येऊ लागले. आता "अनरीचेबल" या शब्दाने कोणालाही असेच वाटेल की नॅस बंद आहे किंवा तिचा पत्ता बदलला आहे. नॅस चालू होती. पत्ता तोच होता. पिंग केले, म्हणजे आहेस का असे विचारणारा छोटा संदेश पाठवला, की एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर येत होते. एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीसाठी ठरलेले दार, उघडे दिसत होते. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून त्याच नॅसमध्ये एसएसएचने बिनदिक्कत शिरता येत होते. "यंत्र तेच, तार तीच, मग एकाला दार उघडते आणि दुसऱ्याला नाही असे कसे?" असे आमच्या काकांनी, म्हणजे कार्यालयाच्या मालकांनी, विचारले, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलच्या परिसरातून एका दुकानाचे तंत्रज्ञ येऊन गेले. माणूस सौजन्याचा होता, पण त्याने पिंग करून पाहिले, लॅपटॉपवरून नॅस उघडून पाहिली आणि डेस्कटॉपचे नेटवर्क कार्ड खराब असल्याचा निर्वाळा दिला. नवे कार्ड बसवले तरी स्थिती तीच राहिली. त्या भेटीचे आणि कार्डाचे पैसे आम्ही दिले. ती तक्रार इथे वाढवत नाही, कारण त्या जागी मीही तेच निदान केले असते.

उत्तर मिळाले ते ॲन्सिबल बाजूला ठेवल्यावर. हा पहिला सल्ला मी कोणालाही देईन. जोडणी बिघडली की प्लेबुक सोडा आणि त्याच यंत्रावरून, त्याच वापरकर्त्याच्या नावाने, हाताने एसएसएच करून पाहा, तेही सविस्तर बोलणारा पर्याय लावून, म्हणजे आज्ञेत व्ही हे अक्षर तीनदा लिहून. डेस्कटॉपवर तसे केल्यावर ओळी भराभर सरकल्या, जोडणी झाली, दोन्ही बाजूंनी आपापली आवृत्ती सांगितली, आणि मग बोलणे गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक किल्ल्यांच्या देवघेवीत, समोरून उत्तराची अपेक्षा आहे अशा अर्थाच्या ओळीवर सगळे थिजून राहिले. हात मिळवला, नाव विचारले आणि पहिले लांब वाक्य सुरू होताच समोरचा मुका झाला, असे ते दृश्य होते. ज्यांनी नेटवर्कवर वर्षे काढली आहेत त्यांना ही जागा पाहताच कारण कळते, कारण इथपर्यंतची पॅकेटे, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, लहान असतात आणि इथून पुढची मोठी.

झाले होते असे. नॅस बसवणाऱ्याने वेग वाढावा म्हणून तिचे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, नेहमीच्या १५०० बाइटवरून ९००० केले होते. मी कुठेतरी वाचून डेस्कटॉपवरही ९००० केले होते. जुन्या स्विचला ही मोठी पॅकेटे चालत होती; मध्ये आलेल्या छोट्या स्विचला ती झेपत नव्हती आणि तो ती काही न बोलता टाकून देत होता. लॅपटॉप मात्र १५०० वरच होता. एसएसएच ज्या टीसीपीवर चालते त्यात दोन्ही बाजू सुरुवातीलाच आपापली मर्यादा सांगतात आणि लहान मर्यादा पाळली जाते, म्हणून लॅपटॉपशी बोलताना नॅसही लहान पॅकेटेच पाठवत होती. दोघेही मोठे बोलणारे भेटले की मधला स्विच गिळून टाकत होता. पडताळणी सोपी आहे. पिंगला पॅकेटचे तुकडे करू नकोस असे सांगायचे आणि आकार द्यायचा. १५०० मधून शीर्षकाचे २८ बाइट वजा केले की १४७२ उरतात आणि ९००० मधून वजा केले की ८९७२. आमच्याकडे १४७२ ला लगेच उत्तर आले आणि ८९७२ ला शांतता. नेहमीचा पिंग पाठवतो तो ऐवज जेमतेम ५६ बाइटचा असतो, त्यामुळे तो कधीही अडला नसता आणि त्याच्या भरवशावर राहिलेला माणूस असाच फसतो. दोन्हीकडे १५०० केले आणि अडचण मिटली. वेगात फरक पडला असेल तर तो आम्हाला रोजच्या कामात जाणवला नाही.

इथे ॲन्सिबलला गुण द्यायचे की कापायचे, यावर मी बराच विचार केला. त्याने चूक काहीच सांगितली नाही. ठरलेल्या वेळेत, म्हणजे मुळात ठेवलेल्या दहा सेकंदांत, एसएसएचची बोलणी पूर्ण झाली नाहीत तर त्याच्या दृष्टीने यंत्र पोहोचण्यापलीकडेच आहे. पण पत्ता चुकलेला असो, किल्ली नाकारलेली असो की पॅकेट हरवलेले असो, सगळ्यांना एकच शब्द वापरला जातो, आणि नवखा माणूस तो शब्द वाचून थांबतो, त्याखालचे एसएसएचचे मूळ वाक्य वाचत नाही.

दुसरी अडचण अशी होती की तिने काम अडवले नाही, नुसते रेंगाळवले. प्रत्येक कामापूर्वी "एसएफटीपीने फाइल पाठवता आली नाही", मग "एससीपीने पाठवता आली नाही" असे दोन इशारे येत आणि मग काम होई. हे दोन्ही एसएसएचवरून फाइली पाठवण्याचे मार्ग आहेत. दहा-बारा कामांच्या प्लेबुकला चहा होईल एवढा वेळ लागे. कारण मजेशीर निघाले. आमच्या नॅसमध्ये एसएसएचने शिरले की संपूर्ण फाइलव्यवस्था दिसते, पण एसएफटीपीने शिरले की फक्त सामायिक फोल्डरे दिसतात, जणू तेच मुळापासूनचे जग आहे. ॲन्सिबल आधी एसएसएचने घरच्या फोल्डरात तात्पुरती जागा तयार करते आणि मग त्याच पत्त्यावर एसएफटीपीने प्रोग्राम ठेवायला जाते. तिथे तो पत्ताच अस्तित्वात नसतो. मग ते एससीपीकडे वळते. एससीपीने तरी जमायला हवे होते, परंतु एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपीही आतून एसएफटीपीचीच भाषा बोलते, त्यामुळे ते त्याच भिंतीवर आपटते. शेवटी ॲन्सिबल तिसरा मार्ग घेते, तो म्हणजे एसएसएचच्या नळीतूनच फाइल ओतण्याचा. हा तिसरा मार्गच पहिला कर, असे त्या नॅसपुरते एका ओळीत लिहिले, आणि चहाचा वेळ गेला. जुन्या पद्धतीची एससीपी वापरायला लावणारा, मोठ्या ओ अक्षराचा पर्यायही आहे, तोही चालतो. तीन मार्ग आपणहून चोखाळण्याची ॲन्सिबलची ही समजूत मला फार आवडली.

पायथनची पहिली कटकट माळ्यावरच्या जुन्या नॅसवर झाली. साधे, काहीही न बदलणारे काम दिले तरी "फ्यूचर फीचर ॲनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड" अशी वाक्यरचनेची चूक दाखवून ते कोसळे. वाक्यरचनेची चूक म्हटल्यावर मी माझे प्लेबुक तीनदा तपासले, मोकळ्या जागा मोजल्या, यामलमध्ये टॅब शिरला की काय ते पाहिले. माझ्या लिखाणात दोष नव्हता. त्या नॅसवर पायथन ३.६ होते, आणि संदेशात उल्लेखलेली सोय पायथनमध्ये ३.७ पासून आली. ॲन्सिबलच्या गाभ्याच्या २.१७ आवृत्तीपासून समोरच्या यंत्रावर ३.६ चालत नाही, २.१६ ही ते चालवून घेणारी शेवटची आवृत्ती. यातला विनोद असा की उबंटू २४.०४ च्या स्वतःच्या भांडारात २.१६ च होती, आणि मी हौसेने पिप या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने ताजी आवृत्ती उतरवली म्हणून हे झाले. नॅसवरचे पायथन बदलणे माझ्या हातात नाही, ते निर्मात्याच्या अद्ययावतीबरोबर येते आणि त्या नॅसला आता अद्ययावती येत नाहीत. म्हणून तिच्याशी मी फक्त "रॉ" नावाच्या मॉड्यूलने, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या ॲन्सिबलच्या छोट्या प्रोग्रामने, बोलते, ज्याला समोर पायथन लागतच नाही. ते नुसती आज्ञा पाठवते आणि उत्तर जसेच्या तसे आणते. त्यात ॲन्सिबलची निम्मी गंमत जाते, कारण आधीच झालेले काम पुन्हा न करण्याचे शहाणपण "रॉ"मध्ये नाही, पण प्रत उतरली की नाही आणि जागा किती उरली एवढे विचारायला ते पुरते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे हे परीक्षण लिहायला घेतले. दोन्ही नॅसवरच्या फाइलींची यादी आणि आकार ताडून पाहणारे एक छोटे मॉड्यूल मी पायथनमध्ये लिहिले. ते नॅसवर नव्हे तर डेस्कटॉपवरच चालते आणि विंडोजच्या सामायिक फोल्डरांची भाषा, म्हणजे एसएमबी, बोलून दोन्हीकडे डोकावते. त्यासाठी एसएमबीप्रोटोकॉल नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते. उबंटूवर सरळ पिपने ती बसवायला गेले तर नकार मिळाला, कारण अलीकडच्या डेबियन आणि उबंटूमध्ये व्यवस्थेच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करता येत नाही. "सिस्टिमची पॅकेजे मोडा" अशा अर्थाचा एक पर्याय देऊन हा नकार डावलता येतो. इतक्या प्रामाणिक नावाचा पर्याय मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या नावाचा मान राखून मी तो वापरला नाही. वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कप्पा, तयार केले, ॲन्सिबलही त्यातच बसवले आणि लायब्ररीही त्यातच.

प्लेबुक चालवले, तर लायब्ररी सापडत नाही. पुन्हा बसवली, पिप म्हणाले, आधीच आहे. त्या एन्व्हायर्नमेंटमधले पायथन उघडून हाताने आयात केली, म्हणजे वापरायला मागवली, तर झाली. पुन्हा प्लेबुक, नाही. संदेशात ज्या नावाने लायब्ररी मागितली होती ते नाव एसएमबीक्लायंट होते, तेव्हा नावातच घोळ असावा असे वाटले. या लायब्ररीचे बसवण्याचे नाव एक आणि आयात करण्याचे नाव दुसरे आहे, त्यामुळे संदेशातले नाव उचलून तेच पिपला देणे हा हमखास चुकणारा रस्ता आहे, आणि मी त्या रस्त्यावर एक अख्खी संध्याकाळ चालले. रात्री अकरा वाजता कार्यालय बंद करून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो पुन्हा वाचला, तेव्हा वाक्याचा शेवट दिसला. लायब्ररी आयात करता आली नाही, एवढ्यावर ते वाक्य संपत नव्हते. कोणत्या यंत्राच्या कोणत्या पायथनमध्ये आयात करता आली नाही तेही तिथे लिहिले होते, आणि तो पत्ता माझ्या एन्व्हायर्नमेंटचा नव्हता, उबंटूच्या स्वतःच्या पायथनचा होता.

कारण हे. ॲन्सिबलला "लोकलहोस्ट" म्हणजे स्वतःचे यंत्र हे न सांगता कळते, आणि तसे न सांगता वापरले तर ते ज्या पायथनमध्ये स्वतः चालत आहे तेच पायथन मॉड्यूलसाठी घेते. पण मी यंत्रांच्या यादीत, नीटनेटके दिसावे म्हणून, लोकलहोस्टची एक ओळ लिहिली होती आणि तिच्यापुढे जोडणी स्थानिक असल्याचेही नोंदवले होते. यादीत लिहिले की लोकलहोस्ट हे इतरांसारखेच एक यंत्र होते. मग ॲन्सिबल त्याचे पायथन स्वतः शोधते आणि ठरलेल्या क्रमाने उबंटूच्या पायथनवर जाऊन थांबते. म्हणजे ॲन्सिबल एका पायथनमध्ये, लायब्ररी त्याच पायथनमध्ये, आणि मॉड्यूल शेजारच्या. यावर दोन उपाय आहेत. त्या ओळीपुढे पायथनचा पत्ता स्पष्ट लिहावा, ज्यासाठी "प्लेबुक ज्या पायथनने चालत आहे ते" असे सांगणारे तयार व्हेरिएबल ॲन्सिबलमध्ये आहे. किंवा ती ओळच खोडावी. मी खोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे येण्याआधी काम झालेले होते.

काकांनी पुन्हा विचारले, "अगं, हे फुकट आहे म्हणालीस ना? मग इतके दिवस का लागले?" मी म्हटले, "काका, फुकट आहे, पण समजून घ्यायचे पैसे आपणच भरतो." त्यांना ते पटले असे वाटत नाही.

या लायब्ररीबद्दल आणखी एक नोंद. ती एसएमबीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीशीच बोलते, पहिल्या पिढीशी नाही. आमची जुनी नॅस तिच्या मूळ मांडणीप्रमाणे पहिल्या पिढीवर होती. २०१७ च्या मे महिन्यात जगभर गाजलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम याच पहिल्या पिढीतल्या त्रुटीवाटे पसरला होता, त्यामुळे लायब्ररीला नावे ठेवण्यात अर्थ नव्हता. नॅसच्या वेबपानावर किमान पिढी दुसरी केली आणि जोडणी झाली. लेखापालांच्या जुन्या विंडोज संगणकाला मात्र त्यानंतर ते फोल्डर दिसेना, तो प्रश्न वेगळा.

प्रमाणपत्राची अडचण सगळ्यांना येते, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. नॅसच्या वेबपानाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र तिने स्वतःच स्वतःला दिलेले असते आणि पायथन ते मानत नाही. तपासणी बंद करणे हा एका शब्दाचा उपाय आहे आणि पहिले चार दिवस मी तोच केला. नंतर नॅसला पत्त्याऐवजी नाव दिले, राउटरमध्ये तिचा पत्ता कायम केला आणि प्रमाणपत्र डेस्कटॉपवर नोंदवले. वेबपानांशी बोलणाऱ्या, पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला मात्र ते वेगळे सांगावे लागले, कारण ती उबंटूच्या प्रमाणपत्रांच्या यादीकडे पाहत नाही, स्वतःबरोबर आणलेली यादी पाहते.

एनएफएसचे, म्हणजे नेटवर्कवरचे फोल्डर आपल्याच यंत्रातले असल्यासारखे जोडण्याच्या पद्धतीचे, दुखणे सध्याही पूर्ण गेलेले नाही. नव्या नॅसचे एक फोल्डर डेस्कटॉपवर एनएफएसने जोडलेले आहे. त्यात ॲन्सिबलने रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने फाइलीचा मालक बदलायला गेले की परवानगी नाकारली जाते, आणि नवख्याला वाटते की रूटला कोण नाकारणार. नॅस नाकारते. बाहेरून आलेल्या रूटला ती कोणीच नाही असे मानते, हा एनएफएसचा जुना आणि योग्य नियम आहे, म्हणून मालकी नॅसच्या बाजूनेच ठरवावी. याहून त्रासदायक गोष्ट वीज गेल्यावर होते. डेस्कटॉप दीड मिनिटात उठतो, नॅसला पाच मिनिटे लागतात, आणि नॅस नसताना ॲन्सिबल सुरुवातीला यंत्राची माहिती गोळा करायला बसले की जोडलेल्या फोल्डरांपाशी येऊन अडकते. चूक नाही, इशारा नाही, कर्सर नुसता लुकलुकतो. मी आता त्या प्लेबुकमध्ये डिस्क आणि जोडण्यांची माहिती गोळा करणे वगळले आहे आणि फोल्डर गरज पडेल तेव्हाच जोडले जाईल असे सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, सांगितले आहे. दहापैकी नऊ वेळा हे पुरते. दहाव्या वेळी मी डेस्कटॉप पुन्हा सुरू करते.

इतके सोसून हाती काय आले, हेही लिहायला हवे. नव्या ग्राहकाचे फोल्डर, त्याचा गट आणि हक्क हे पूर्वी दोन्ही नॅसवर मिळून वीस मिनिटांचे काम होते आणि दर चार-पाच ग्राहकांमागे कुठेतरी चुकायचे. आता ग्राहकाचे नाव एका यादीत लिहून प्लेबुक चालवते आणि उठून जाते. नव्या नॅसची बहुतेक कामे मी शेवटी एसएसएचने न करता तिच्या वेबवरच्या एपीआयने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने विनंत्या पाठवण्याच्या सोयीने, करते, त्यासाठी ॲन्सिबलचे "यूआरआय" मॉड्यूल वापरते, ज्याला वेगळी लायब्ररी लागत नाही आणि नॅसवरचे पायथनही लागत नाही. पहिल्या दिवशी कोणी हे सांगितले असते तर वरच्या निम्म्या अडचणी आल्याच नसत्या. आमच्या नॅसच्या निर्मात्याने एपीआयची माहितीपुस्तिका दिली आहे, पण ती तीन वर्षे जुन्या आवृत्तीची आहे, त्यामुळे काही उत्तरे अंदाजाने शोधावी लागली.

एकच नॅस आणि दोन-तीन संगणक असलेल्या घरासाठी किंवा दुकानासाठी मी ॲन्सिबल सुचवणार नाही. तिथे फाइलींची प्रत उतरवणारे आरसिंक आणि ते ठरल्या वेळी चालवणारे क्रॉन एवढे पुरेसे आहे आणि बिघडले तर कळायलाही सोपे आहे. दोन किंवा अधिक नॅस असतील, तीच तीच कामे दर आठवड्याला होत असतील आणि कार्यालयात एसएसएचचे लांबलचक बोलणे शांतपणे वाचणारे एक माणूस असेल, तर मात्र जरूर घ्यावे. पाचपैकी चार गुण. एक कापला तो "अनरीचेबल"साठी.

माळ्यावरची नॅस दिवाळीपर्यंत बदलू असे काका म्हणाले आहेत. इलेक्ट्रिशियनने लावलेला तो छोटा स्विच मी फेकला नाही, प्रिंटरच्या टेबलाखाली लावला आहे. प्रिंटरला १५०० पुष्कळ होतात.